एकशे चाळीस सोडियमच्या गर्दीत चार पोटॅशियम

कुडाळला मी ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिथून रोज बाहेर पडणाऱ्या कागदांत सगळ्यात छोटा रिपोर्ट इलेक्ट्रोलाइटचा. तीन ओळी: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड. सीबीसीच्या लांबलचक तक्त्यापुढे तो अगदीच रिकामा दिसतो. पण आषाढात लावणी सुरू झाली आणि लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचे, पेशंट यायला लागले, की डॉक्टरांचा पहिला फोन याच कागदासाठी येतो. बाकीचं नंतर पाठवा, आधी पोटॅशियम सांगा.

लेप्टो आमच्या सिंधुदुर्गात नवा नाही. उंदराच्या लघवीतून जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि दिवसभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाच्या भेगांतून आत शिरतात. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे, आणि काहींच्या बाबतीत मूत्रपिंडावर घाला. एरवी मूत्रपिंड बिघडलं की रक्तातलं पोटॅशियम चढतं. लेप्टोत बरेचदा उलटं होतं. लघवी होत राहते आणि तिच्यासोबत पोटॅशियम वाहून जातं. निरोगी माणसाचं पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल. ते अडीचच्या खाली गेलं की हृदयाच्या ठोक्यांची काळजी सुरू होते, आणि वर साडेसहा-सातला गेलं तरी तीच काळजी. इतक्या अरुंद वाटेवर चालणारा दुसरा आकडा आमच्या लॅबमध्ये क्वचितच असेल.

आता याच सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, सोडियम किती, तर १४० च्या आसपास. एका पोटॅशियममागे पस्तीस सोडियम. दोघेही एकेक धन प्रभार घेतलेले गोल आयन, आवर्तसारणीत एकाच उभ्या स्तंभातले शेजारी, दोघेही रंगहीन. सोडियमची त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३८. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट भागांतला एक भाग. एवढ्याशा फरकावर यंत्राने मिनिटभरात या दोघांना वेगळं ओळखायचं आणि त्यातल्या अल्पसंख्याकाची मोजणी दशांशापर्यंत बिनचूक द्यायची. मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं होतं, पण या गोष्टीचं खरं नवल डीएमएलटी हा लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा करून लॅबच्या बाकावर बसले तेव्हा वाटायला लागलं. आजही वाटतं.

यंत्रात पोटॅशियमसाठी एक इलेक्ट्रोड असतो. त्याच्या टोकाला प्लास्टिकचं पातळ मेंब्रेन. एक तृतीयांश पीव्हीसी, दोन तृतीयांश ते मऊ ठेवणारा तेलकट द्रव, आणि शंभरात जेमतेम एक भाग तो रेणू, ज्याच्या जिवावर सगळं चालतं. हा रेणू सीरममधल्या पोटॅशियमला पकडून मेंब्रेनच्या आत घेतो. आयन आत आले की दोन बाजूंच्या विद्युतदाबात फरक पडतो, आणि यंत्र तो फरक वाचतं. पोटॅशियम दहापट झालं तर शरीराच्या तापमानाला सुमारे ६१ मिलिव्होल्टचा फरक पडतो. म्हणजे ३.५ पासून ५ पर्यंतचा निरोगीपणाचा अख्खा पट्टा नऊ-साडेनऊ मिलिव्होल्टमध्ये मावतो. सोडियमचा १३५ ते १४५ हा पट्टा तर दोन मिलिव्होल्टही नाही. सकाळी कॅलिब्रेशन करताना मी स्लोपकडे, म्हणजे दहापटीमागे पडणाऱ्या या फरकाकडे, इतकं का बघते, आणि तो उतरायला लागला की नवीन इलेक्ट्रोडसाठी मागे का लागते, ते यावरून कळेल. मेंब्रेनमधला रेणू हळूहळू झिजत जातो, प्रथिनांचा थर बसतो, आणि पकड ढिली झाल्याचं पहिल्यांदा स्लोप सांगतो.

माझे मामा देवगडला मच्छीमारी करतात. रक्तदाबासाठी त्यांना लघवीची गोळी आहे, त्यामुळे अधूनमधून पोटॅशियम तपासायला येतात. एकदा त्यांना हे सगळं सांगत होते, तर म्हणाले, "म्हंजे जाळ्याच्या आसासारख्या म्हण ना गो! बारको मासो सुटता, मोठो अडकता. तसाच मा?"

उपमा झकास होती, आणि नेमकी तिथेच ती अडते, म्हणून मला फार उपयोगी पडली. जाळ्याचा आस, म्हणजे त्याचं भोक, फक्त मोठ्याला अडवतो. आमच्या इलेक्ट्रोडमधला रेणू पोटॅशियमला धरतो आणि त्याच्याहून लहान असलेल्या सोडियमलाही बाहेर ठेवतो. लहान आहे तर बसायला हवा ना? "नाय मामा, बारक्याक पण तो घेणा नाय," असं मी सांगितल्यावर मामा विचारात पडले, आणि माणसं वर्षानुवर्षं विचारात पडत होतीच.

कारण पाण्यात आहे. पाण्यातला आयन उघडा कधीच नसतो, पाण्याचे रेणू त्याला चारी बाजूंनी चिकटलेले असतात. आयन जितका लहान, तितका त्याचा प्रभार एकवटलेला आणि पाण्याची मिठी घट्ट. ही मिठी सोडवायला पोटॅशियमला मोलमागे सुमारे २९५ किलोज्यूल लागतात, सोडियमला ३६५ च्या आसपास, लिथियमला ४७५. दुसऱ्या रेणूच्या पोटात शिरायचं तर आधी हे पाणी सोडावं लागतं, आणि आतल्या पोकळीच्या भिंतीवरच्या ऑक्सिजन अणूंच्या सहवासाने तो खर्च भरून निघावा लागतो. पोटॅशियमच्या मापाच्या पोकळीत सोडियम गेला, तर भिंतीवरचे ऑक्सिजन त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. पाणी सोडल्याचा खर्च जास्त आणि मोबदला कमी. मग तो बाहेर पाण्यातच राहतो. जागा आहे की नाही एवढ्यावर हा व्यवहार ठरत नाही, जमाखर्चावर ठरतो.

हा व्यवहार माणसाने बनवलेल्या रेणूत पहिल्यांदा स्पष्ट दिसला तो चार्ल्स पेडरसनला. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. जन्म १९०४ चा, कोरियातल्या बुसानचा. वडील नॉर्वेजियन, आई जपानी. अमेरिकेत शिकला, पीएचडी केलीच नाही, आणि १९२७ पासून निवृत्तीपर्यंत ड्यूपाँट कंपनीत संशोधक म्हणून राहिला. १९६२ मध्ये, साठीला टेकलेला असताना, तो व्हॅनेडियमला धरून ठेवणारा एक रेणू बनवत होता. हाताशी असलेल्या कच्च्या मालात थोडं कॅटेकॉल नावाचं फिनॉल तसंच राहिलं होतं. ते माहीत असूनही त्याने पुढची क्रिया केली. हाती चिकट गाळ आला आणि त्यातून रेशमासारखे पांढरे स्फटिक निघाले, उत्पन्न ०.४ टक्के.

०.४ टक्के! ज्याने कधी प्रयोगशाळेत काम केलंय त्याला माहीत आहे, अशा चिमूटभर पदार्थाचं काय होतं. बेसिनमध्ये जातो. पेडरसनने तो ठेवला आणि तपासला. मिथेनॉलमध्ये तो पदार्थ जेमतेम विरघळत होता. सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं की पटकन विरघळायचा. फिनॉल अल्कलीत असे विरघळतात, पण फिनॉल असेल म्हणावं तर त्याची खूण दिसेना. मग लक्षात आलं की हायड्रॉक्साइडच कशाला, सोडियमचा कुठलाही क्षार टाकला तरी तो विरघळतो. अल्कलीशी त्याचा संबंध नव्हता, सोडियमशी होता. रेणुभार मोजल्यावर चित्र उघड झालं: अठरा अणूंचं कडं, त्यात सहा ऑक्सिजन, सगळे आतल्या बाजूला तोंड करून. मध्ये भोक, आणि त्या भोकात धातूचा आयन. डायबेंझो-१८-क्राउन-६. अठरा म्हणजे कड्यातले अणू, सहा म्हणजे ऑक्सिजन. हे नाव देण्याची पद्धतही त्याचीच.

१९६७ मध्ये त्याने हे छापलं. तोवर सोडियम-पोटॅशियमसारख्या आयनांना असं कोणी धरून ठेवू शकतं, यावर फारसा विश्वासच नव्हता. त्याच जातीच्या साध्या १८-क्राउन-६ च्या भोकाचा व्यास २.६ ते ३.२ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमचा २.७६. बसतो, अगदी मापात. लाल-जांभळं पोटॅशियम परमँगनेट, जे आपण विहिरीत टाकतो, ते बेंझीनसारख्या तेलकट द्रवात एरवी कणभरही विरघळत नाही. चिमूटभर क्राउन ईथर, म्हणजे असा कड्याचा रेणू, टाकला की बेंझीन जांभळं होतं. पोटॅशियम कड्यात बसून तेलात उतरतो आणि परमँगनेटला त्याच्या मागोमाग जावंच लागतं. १९८७ चं नोबेल पेडरसन, डोनाल्ड क्रॅम आणि झाँ-मारी लेन यांना मिळून दिलं गेलं. पेडरसन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता, दोन वर्षांनी गेला.

मग आमच्या यंत्रात १८-क्राउन-६ घातला तर चालेल का? मी हा हिशेब कागदावर मांडून बघितला आणि तेव्हापासून मला या विषयाचं वेडच लागलं. पाण्यात हा रेणू पोटॅशियमला सोडियमपेक्षा साधारण पंधरा-सोळा पट अधिक पसंत करतो. ऐकायला भरपूर वाटतं. पण सीरममध्ये सोडियम १४० आहे. त्याला सोळाने भागलं तर पावणेनऊ. म्हणजे खरं पोटॅशियम ४ असलेल्या धडधाकट माणसाचं पोटॅशियम यंत्र १३ च्या आसपास दाखवेल. मेंब्रेनमधला हिशेब याहून थोडा वेगळा असतो, पण कल्पना येते. शंभरपट पसंती असली तरी ४ चे ५.४ होतात, आणि तेवढ्यावर एखाद्या पेशंटचं औषध बदलू शकतं. दहा हजारपट असेल, तर सोडियमची भेसळ ०.०१४ इतकी, रिपोर्टमध्ये दिसणारही नाही. आपल्याला ज्याची गरज आहे त्याला धरता येणं हे निम्मं काम. बाकीच्या गर्दीला किती ठामपणे नाही म्हणता येतं, त्यावर पेशंटचा आकडा अवलंबून आहे.

ती दहा हजारपट पसंती व्हॅलिनोमायसिनमध्ये आहे. हा माणसाने बनवलेला नाही, स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू तो तयार करतात. छत्तीस अणूंचं मोठं कडं, पण ते पोटॅशियमभोवती घडी घालून असं बसतं की सहा ऑक्सिजन सहा दिशांनी त्याला टेकतात. बाहेरच्या बाजूला सगळे तेलकट गट, म्हणून तो मेंब्रेनमध्येच राहतो, सीरममध्ये सहजी वाहून जात नाही. आणि मुख्य म्हणजे त्या घडीला आणखी आक्रसता येत नाही. सोडियम आला तरी त्याच्या मापाला ती लहान होत नाही. क्राउनचं कडं चपटं आणि लवचीक, वर-खाली उघडं; थोडं मुरडून सोडियमलाही सांभाळून घेतं. झुरिकचे विल्हेल्म सिमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅलिनोमायसिनचा इलेक्ट्रोड केला, आणि पोटॅशियमच्या चाचणीत तो रेणू आजही टिकून आहे.

लेन आणि क्रॅमचं काम याच मुद्द्यावरचं. लेनने १९६९ मध्ये कड्याला तिसरा पूल जोडून पिंजरा केला, क्रिप्टंड. पोटॅशियमच्या मापाचा क्रिप्टंड पाण्यात १८-क्राउन-६ पेक्षा हजारपटीहून घट्ट धरतो. क्रॅमने तर रेणू असे बांधले की आयन येण्याच्या आधीच पोकळी तयार आणि ताठ. पाहुणा आला म्हणून घडी बदलायची नाही, त्यात ऊर्जा घालवायची नाही.

जिथे अशी तयार पोकळी नाही, तिथे काय होतं त्याचा नमुना आमच्या बाकावरच असतो. जांभळ्या टोपणाची नळी. तिच्यातलं ईडीटीए हा १९३० च्या दशकात प्रयोगशाळेत बनलेला रेणू, आणि तो कॅल्शियमभोवती चार ऑक्सिजन व दोन नायट्रोजन घेऊन गुंडाळून बसतो. कॅल्शियम अडकला की रक्त गोठत नाही, म्हणून सीबीसीचं रक्त त्यात घेतात. गेल्या पावसाळ्यात बाहेरगावच्या एका कलेक्शन सेंटरहून दुपारच्या एसटीने नमुने आले. एकाचं पोटॅशियम ११ च्या वर. या आकड्याचा माणूस उभा राहू शकत नाही, आणि फोन केला तर कळलं की पेशंट स्कूटरवरून घरी गेलाय. मी त्याच सीरमचं कॅल्शियम लावलं. ३ च्याही खाली! नेहमीचं साडेआठ-दहा. मग शंका उरली नाही. लाल टोपणाच्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कोणीतरी जांभळ्या नळीतलं ओतलं होतं. ईडीटीए तिथे पोटॅशियमचा क्षार म्हणून असतं, त्यामुळे पोटॅशियम चढलं. आणि कॅल्शियमची चाचणी आम्ही आर्सेनाझो नावाच्या रंगावर करतो. तो रंगही कॅल्शियमला धरणारा रेणूच, पण ईडीटीएची पकड त्याच्याहून घट्ट. रंगाच्या वाट्याला कॅल्शियम आलंच नाही. डॉक्टरांना म्हटलं, "सर, हा रिपोर्ट सोडत नाही, पुन्हा रक्त मागवते." नव्या नमुन्यात दोन्ही आकडे जागेवर होते. नवीन मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते: नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत थेंबभरही ओतायचं नाही.

सोडियमसाठी काही यंत्रांत खास काच असते, काहींत कॅलिक्सअरीन. चार फिनॉलची कडी फॉर्मल्डिहाइडने गोलाकार जोडायची आणि एका काठाला एस्टरचे चार हात लावायचे, त्या ऑक्सिजनांमध्ये सोडियम बसतो. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडची ही जोडी आमच्या भागाला परकी नाही. काजूच्या टरफलाच्या तेलात फिनॉलच्याच जातीचं कार्डानॉल असतं, आणि फॉर्मल्डिहाइडशी जोडून त्याचं रेझिन गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जातं. रेझिन करताना जोडण्या वाटेल तशा होत जातात. कॅलिक्सअरीन करताना त्या वर्तुळ पूर्ण करून थांबायला हव्यात.

सगळ्यात अवघड काम लिथियमच्या इलेक्ट्रोडचं. मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तात ते साधारण ०.६ ते १.२ मिलिमोल लागतं. त्याहून वर गेलं की हात थरथरायला लागतात, पुढे मूत्रपिंड आणि मेंदूवर परिणाम. त्याच्या भोवती पुन्हा तेच १४० सोडियम. इथे मात्र पेडरसनची वंशावळ थेट उपयोगी पडते: चौदा अणूंचं, चार ऑक्सिजनचं लहान कडं. पण नुसतं कडं पुरत नाही, कारण दोन लहान कडी मिळून एका सोडियमला वरून-खालून धरू शकतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी कड्याला मोठे बोजड गट जोडले, म्हणजे दुसरं कडं जवळ येऊच शकणार नाही. पसंती हजारपटीच्या घरात गेली. ही युक्ती वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठून नवऱ्याला सांगायला गेले होते. लिथियमची तपासणी असणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा: शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्या, आणि ते लिथियम हेपॅरिनच्या हिरव्या नळीत घेतलं जात नाहीये ना, ते विचारा. त्या नळीतच लिथियम असतं.

आयनच कशाला, अख्खा औषधाचा रेणूही असा धरता येतो. ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम नावाचं औषध देतात. ते उतरवण्यासाठी स्कॉटलंडमध्ये ऑर्गॅनॉन कंपनीत अँटन बॉम आणि सहकाऱ्यांनी स्टार्चपासून मिळणारं आठ ग्लुकोजचं कडं घेतलं, त्याला ऋण प्रभाराच्या शेपट्या जोडून खोल केलं, आणि रोक्युरोनियम त्यात शिरून बसेल असं केलं. सुगमाडेक्स. २००८ मध्ये युरोपात, २०१५ च्या अखेरीस अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अशा औषधांवरची एरवीची उतारा-औषधं शरीराच्या एन्झाइमवर काम करतात. हे थेट औषधालाच उचलून लघवीवाटे बाहेर नेतं.

राहता राहिली रिपोर्टची तिसरी ओळ, क्लोराइड. आमच्यासारख्या बहुतेक यंत्रांत तिथे ओळखणारा रेणूच नाही. धन प्रभाराचे तेलकट अमोनियम गट मेंब्रेनमध्ये असतात, आणि ज्या ऋण आयनाला पाणी सोडणं सोपं तो आत येतो. ब्रोमाइड आलं तर तेही क्लोराइड म्हणून मोजलं जातं, सॅलिसिलेटही गडबड करतं. ऋण आयनांना पकडणारे रेणू बनवणं जास्त अवघड ठरलं आहे: ते आकाराने मोठे, प्रभार पसरलेला, आणि पाण्याशी हायड्रोजन बंधाने घट्ट जोडलेले. तरी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात अमर फ्लड यांच्या गटाने निव्वळ कार्बन-हायड्रोजनच्या बंधांनी क्लोराइडला धरणारा पिंजरा बनवला. त्याची पकड एकावर सतरा शून्यं इतकी आहे, पण ती सेंद्रिय द्रावकात मोजलेली. सीरममध्ये, प्रथिनांच्या आणि बायकार्बोनेटच्या संगतीत, महिनोन्‌महिने टिकून तेच काम करणारा आणि आमच्या तालुक्याच्या लॅबला परवडणारा रेणू मेंब्रेनमध्ये बसायचा आहे. तोवर क्लोराइड विनाकारण चढलेलं दिसलं, की मी पेशंटच्या औषधांची यादी मागवते.